वाचेचं घर कुठे आहे? : एका मेंदूची दीडशे वर्षं

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी आम्हाला जिन्यातच गाठलं आणि विचारलं, "सर, पुढचा विषय मेंदूचं ऑपरेशन असा लिहिलाय. पण तुम्ही तर तत्त्वज्ञानाचे. मग हे कसं काय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर आहोत ते कागदावरचे. आमच्या हातात कुणी सुरी देणार नाही आणि देऊही नये. तेव्हा या विषयाकडे आम्ही कसे आलो, ते आधी सांगतो.

आमचे एक जुने स्नेही होते, बेळगावचे. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, आपणही गुरुजीच म्हणू. घरात मराठी, बाजारात आणि शेजारीपाजारी कानडी, दोन्ही भाषा सारख्याच सहज. सत्तरीच्या आसपास त्यांना एक दिवस बोलता बोलता फिट आली. तपासण्या झाल्या. मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात, गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. त्याआधी एक खास एमआरआय झाला, ज्यात रुग्णाला आत झोपवून शब्द आठवायला सांगतात. त्याचं चित्र सर्जननी संगणकावर दाखवलं. करड्या मेंदूवर, गाठीच्या अगदी कडेला, एक लाल ठिपका होता. गुरुजींच्या मुलीने विचारलं, "डॉक्टर, हा लाल ठिपका म्हणजे बाबांचं बोलणं का?"

सर्जन थोडं थांबले आणि म्हणाले, "बोलणं नाही. शब्द आठवताना तिथे रक्त जास्त जातं, एवढंच हे चित्र सांगतं. बाकीचं गुरुजीच आम्हाला सांगतील, टेबलावर."

आम्ही त्या खोलीत बसलो होतो. न्यायदर्शन शिकवण्यात चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाला ते उत्तर ऐकून जागं झाल्यासारखं वाटलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या तीन वाक्यांवरचं भाष्य आहे, असं समजा. ठिपका म्हणजे बोलणं का नाही? आणि चित्र हातात असताना माणसाला टेबलावर का विचारावं लागतं?

पोकळ्यांचा काळ

मेंदूचं आणि वाचेचं नातं माणसाला फार पूर्वी दिसलं होतं. इजिप्तमध्ये साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा एक पपायरस सापडला, त्याला एडविन स्मिथ पपायरस म्हणतात. त्यात जखमांची ४८ प्रकरणं आहेत. कवटी फुटलेली, मेंदू उघडा पडलेला, कानशिलाला मार लागून माणूस मुका झालेला, अशा नोंदी त्यात आहेत. म्हणजे निरीक्षण होतं. पण निरीक्षण असलं म्हणजे सिद्धांत तयार झाला असं होत नाही. ॲरिस्टॉटल हृदयालाच मुख्य मानत राहिला. आपल्याकडे चरक-सुश्रुतांनीही चेतनेचं स्थान हृदयात ठेवलं. भेलसंहितेत मात्र मनाची जागा डोक्यात, टाळूच्या वर सांगितलेली आहे. मतभेद सगळीकडेच होते.

पुढे डोकं हे मनाचं ठिकाण आहे हे मान्य झालं, तरी लोक बघत होते भलत्याच जागी. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. चौथ्या शतकाच्या सुमारास नेमेसियस नावाच्या बिशपने लिहून ठेवलं की पुढच्या पोकळीत कल्पना, मधल्या पोकळीत विचार आणि मागच्या पोकळीत स्मृती. ही मांडणी हजार वर्षांहून जास्त टिकली! का टिकली? एक कारण असं की मेंदूचा गर बघायलाच अवघड. ताजा मेंदू हाताला खरवसासारखा लागतो, आणि उष्णतेत बघता बघता नासतो. त्यात पोकळ्या तेवढ्या ठळक दिसतात. जे ठळक दिसतं तेच महत्त्वाचं, असं मानण्याची चूक माणूस तेव्हाही करत होता. आजही करतो; लाल ठिपका आठवा.

१५४३ मध्ये वेसालियसने शरीररचनेचा आपला मोठा ग्रंथ छापला, १६६४ मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिसने मेंदूवरचा. विलिसच्या पुस्तकातल्या चित्रांत ख्रिस्तोफर रेनचा हात होता, ज्याने पुढे लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधलं. विलिसने लक्ष पोकळ्यांवरून काढून मेंदूच्या गरावर आणलं. तरीही मेंदूच्या पृष्ठभागावरच्या वळ्या पुष्कळ काळ चित्रकार आतड्याच्या वेटोळ्यांसारख्या, कशाही काढत असत. कारण त्यांना नावं नव्हती, आणि त्यांचं काही काम असेल असंही फारसं कुणाला वाटत नव्हतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्झ गॉलने टोकाचा दावा केला: मेंदूत प्रत्येक गुणाचा वेगळा अवयव आहे आणि कवटीवरच्या उंचवट्यांवरून तो ओळखता येतो. उंचवट्यांचा भाग साफ खोटा ठरला. पण त्यामागची कल्पना, की वेगवेगळ्या कामांना वेगवेगळ्या जागा असतात, ती काही मेली नाही. पॅरिसमध्ये फ्लूरांस आणि त्यांचे अनुयायी म्हणत, मोठा मेंदू एकसंध काम करतो. बुइयो आणि त्यांचे जावई ओबेर्तां म्हणत, नाही, निदान वाचेची जागा तरी मेंदूच्या पुढच्या भागात आहे. वाद असा अटीतटीला आला होता. आणि नेमक्या त्या वेळी एक रुग्ण समोर आला.

‘तां’

पॅरिसजवळ बिसेत्र नावाचं मोठं हॉस्पिटल होतं. तिथे लबोर्न नावाचा एक रुग्ण २१ वर्षं राहत होता. लहानपणापासून त्याला फिट येत. तिशीच्या सुमारास त्याची वाचा गेली. काहीही विचारलं तरी तो एकच अक्षर दोनदा म्हणायचा: "तां, तां." म्हणून हॉस्पिटलात त्याचं नावच ‘तां’ पडलं. पुढे उजवा हात गेला, मग उजवा पाय. एप्रिल १८६१ मध्ये पायात गँगरीन झालं म्हणून त्याला सर्जरीच्या वॉर्डात आणलं. तिथे होते ३६ वर्षांचे सर्जन पॉल ब्रोका.

ब्रोकांनी त्याला विचारलं, किती वर्षं इथे आहेस? लबोर्नने डाव्या हाताची पाची बोटं चार वेळा उघडली आणि मग एक बोट दाखवलं. चार पंचे वीस आणि एक, एकवीस. बरोबर! म्हणजे बघा, प्रश्न कळला, उत्तर माहीत होतं, हिशेब आला, सांगायची इच्छा होती. फक्त शब्द येत नव्हता. आपलं म्हणणं समोरच्याला कळलं नाही की तो चिडायचा, आणि चिडल्यावर मात्र एक शिवी स्पष्ट तोंडातून निघायची. जीभ हलत होती, आवाज निघत होता. तेव्हा हा लुळेपणा जिभेचा नव्हे.

१७ एप्रिलला लबोर्न वारला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकांनी त्याचा मेंदू अँथ्रोपॉलॉजी सोसायटीच्या बैठकीत मांडला. डाव्या बाजूला, पुढच्या भागातल्या तिसऱ्या वळीच्या आसपास, कोंबडीचं अंडं मावेल एवढा खळगा पडला होता. त्याच वर्षी लेलाँग नावाचे ८४ वर्षांचे दुसरे रुग्ण आले. त्यांच्याकडे पाचच शब्द उरले होते. कुठलाही आकडा सांगायचा तर तोंडाने ‘तीन’ म्हणायचे आणि बोटांनी खरा आकडा दाखवायचे. त्यांच्या मेंदूतही इजा साधारण तिथेच. मग आणखी रुग्ण. आणि १८६५ पर्यंत ब्रोका त्या निष्कर्षावर आले जो आज शाळेच्या पुस्तकात आहे: वाचेसाठी आपण मुख्यतः मेंदूची डावी बाजू वापरतो. त्या जागेला आज ब्रोकाचं क्षेत्र म्हणतात.

इथे ब्रोकांनी केलेली एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यांनी लबोर्नचा मेंदू कापला नाही. कापला असता तर आत इजा कुठवर गेली आहे ते तेव्हाच दिसलं असतं, पण वस्तू संपली असती. त्यांनी तो अल्कोहोलमध्ये अख्खा ठेवला. पुढच्या लोकांना बघता यावं म्हणून. या निर्णयाचं फळ दीडशे वर्षांनी मिळालं, तिकडे आपण येऊच.

फ्यूज आणि पाणी

आता आमच्या प्रांतात या. ब्रोकांचं अनुमान कोणत्या जातीचं आहे? न्यायशास्त्राच्या भाषेत ते व्यतिरेकाचं अनुमान आहे. अन्वय म्हणजे: हे असलं की ते असतं. व्यतिरेक म्हणजे: हे नसलं की ते नसतं. ती वळी नाही, म्हणून वाचा नाही. व्यतिरेक फार बळकट पुरावा आहे. पण तो नेमकं काय सिद्ध करतो?

साधं उदाहरण घेऊ. आपल्या सोसायटीत पाण्याच्या मोटरीचा फ्यूज उडाला की गच्चीवरची टाकी भरत नाही, आणि नळाला पाणी येत नाही. फ्यूज नाही, पाणी नाही. शंभर वेळा करून बघा, शंभर वेळा तसंच होईल. म्हणून पाणी फ्यूजमध्ये राहतं असं कुणी म्हणेल का? फ्यूज गरजेचा आहे, एवढंच ठरलं. तो पाण्याचं घर आहे असं काही ठरलं नाही. ‘आवश्यक’ आणि ‘अधिष्ठान’ या दोन गोष्टी वेगळ्या.

दुसरी अडचण आणखी साधी आहे. एका फटक्यात फ्यूजही उडाला आणि पाइपही फुटला असेल तर? आपण फ्यूज बघू, कारण तो समोर दिसतो. भिंतीतला पाइप दिसत नाही. ब्रोकांना मेंदूची वरची साल दिसत होती. आतलं दिसत नव्हतं.

तोच मेंदू, नवे डोळे

आत बघायची धडपड जुनी आहे. १६६५ मध्ये निकोलस स्टेनो नावाच्या तरुण शरीररचनाशास्त्रज्ञाने पॅरिसमध्येच एक व्याख्यान दिलं होतं. त्याचं म्हणणं असं की मेंदू कळायचा असेल तर त्याच्या आतले धागे धरून, ते कुठून कुठे जातात ते बघत गेलं पाहिजे. पण ते इतके नाजूक की हे फार अवघड आहे. स्टेनोने मागितलेली गोष्ट मिळायला तीन शतकं लागली.

१८७३ मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जींनी चांदीच्या क्षाराने चेतापेशी काळ्या करून दाखवण्याची युक्ती शोधली. गंमत अशी की त्या रसायनाने सगळ्या पेशी रंगत नाहीत, थोड्याच रंगतात. म्हणूनच दिसतात, सगळ्या रंगल्या असत्या तर नुसतं काळं दिसलं असतं. स्पेनच्या रामोन इ काखालनी तीच युक्ती घेऊन दाखवलं की चेतापेशी सुट्या सुट्या आहेत, एकमेकींत विरघळलेलं सलग जाळं नाही. दोघांना १९०६ चं नोबेल एकत्र मिळालं, आणि तिथल्या भाषणातही गोल्जी काखालच्या मताच्या विरुद्धच बोलले! पुढे बासेलमध्ये योसेफ क्लिंगलरने फॉर्मॅलिनमध्ये मुरवलेला मेंदू गोठवून मग सोलायची पद्धत बसवली. बर्फाचे कण धाग्यांच्या मधे शिरून त्यांना मोकळं करतात, आणि लाकडी पट्टीने ते उकलता येतात. आपण शिळी पोळी पदर पदर सोडवतो ना, तसं.

पण हे सगळं मेलेल्या मेंदूवर. जिवंत मेंदूचं काय? साध्या एक्स-रेत कवटी दिसते, मेंदू दिसत नाही. १९१९ मध्ये वॉल्टर डँडींनी कण्यातून हवा भरून पोकळ्यांची छाया घ्यायची रीत आणली. रुग्णाला भयंकर डोकेदुखी व्हायची. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. मग एमआरआय आला. त्याचं मूळ असं की आपल्या शरीरात पाणी आहे, पाण्यात हायड्रोजन आहे, आणि मोठ्या चुंबकात हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओ लहरींनी हलवलं तर ती परत उत्तर देतात. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना त्यासाठी २००३ चं नोबेल मिळालं. १९९० नंतर आणखी एक युक्ती आली. चेतातंतूंच्या जुडग्यातलं पाणी धाग्याच्या दिशेने सहज सरकतं, आडवं सरकत नाही. ते मोजलं की धागे कुठून कुठे जातात याचा अंदाज जिवंत माणसात बांधता येतो. स्टेनोची इच्छा अशी पुरी झाली. ‘अंदाज’ हा शब्द मात्र मुद्दाम वापरतोय.

आता लबोर्नकडे परत. त्याचा मेंदू पॅरिसच्या संग्रहालयात बरणीत तसाच होता. १९८४ मध्ये त्याचा सीटी स्कॅन प्रसिद्ध झाला. आणि २००७ मध्ये नीना ड्रॉन्कर्स आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी लबोर्न आणि लेलाँग दोघांच्या मेंदूंचे बारीक एमआरआय प्रसिद्ध केले. दिसलं काय? इजा वरच्या वळीपुरती नव्हतीच. ती आत खोलवर गेली होती आणि मेंदूचा पुढचा व मागचा भाग जोडणाऱ्या धाग्यांच्या मोठ्या जुडग्यालाही लागली होती. भिंतीतला पाइप फुटलेला होता! शिवाय आज आपण ज्याला ब्रोकाचं क्षेत्र म्हणतो, ती जागा आणि लेलाँगच्या मेंदूत इजा झालेली जागा तंतोतंत जुळत नव्हती.

म्हणजे ब्रोका चुकले का? आम्हाला तसं वाटत नाही. समोर दिसत होतं त्यावरून त्यांनी प्रामाणिक अनुमान केलं, आणि पुरावा राखून ठेवला. आपल्याला खोडून काढता यावं अशी सोय स्वतःच करून ठेवणारे अभ्यासक किती असतात? विज्ञानातला मोठेपणा आम्ही तरी यावरून मोजतो.

कुंभाराचं गाढव

आता लाल ठिपका. ज्याला फंक्शनल एमआरआय म्हणतात त्यात विचार दिसत नाही, भाषा दिसत नाही, चेतापेशींची विद्युतक्रियाही थेट दिसत नाही. दिसतं ते रक्त. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि ऑक्सिजन सोडलेलं रक्त चुंबकात वेगळं वागतं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त धावतं, पण लगेच नाही. पाच-सहा सेकंदांनी त्याचा भर येतो. आणि चित्रातला एकेक ठोकळा दोन-तीन मिलिमीटरचा, त्यात लाखो पेशी. तेव्हा हे म्हणजे घराबाहेर उभं राहून विजेच्या मीटरवरून आत काय स्वयंपाक चाललाय ते ओळखण्यासारखं आहे. काहीतरी चाललंय हे नक्की कळतं. पोहे की शिरा, ते कळत नाही.

त्यात हजारो ठोकळे. प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा घेतली तर निव्वळ योगायोगाने काही ‘पेटलेले’ दिसणारच. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी हे फार मजेत दाखवलं. त्यांनी एक मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि या माणसाला काय वाटत असेल असं विचारलं. संख्याशास्त्राची योग्य दुरुस्ती न करता हिशेब केला तेव्हा मेलेल्या माशाच्या मेंदूत ठिपका आला! दुरुस्ती केल्यावर तो गेला. या कामाला २०१२ मध्ये इग-नोबेल मिळालं. हसू येतं, पण मुद्दा गंभीर आहे. रंग यंत्रातून आपोआप येत नाही. कुठे रंग भरायचा ते हिशेब ठरवतो, आणि हिशेब माणूस ठरवतो.

समजा हिशेब चोख आहे. तरी ठिपक्याने काय मिळालं? फक्त अन्वय. बोलणं आहे, तेव्हा इथे रक्त आहे. आणि नुसत्या अन्वयावर भिस्त ठेवू नये हे आपल्या नैयायिकांनी बजावून ठेवलंय. विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेद’ ग्रंथात अन्यथासिद्ध गोष्टींची चर्चा आहे: कार्याच्या आधी हजर असतात, पण कारण नसतात. त्यात प्रसिद्ध उदाहरण गाढवाचं. कुंभाराने घडा केला. त्याआधी गाढवाने माती वाहून आणली. गाढव हजर होतं खरं. पण गाढव नसतं तरी बैलगाडीतून माती आली असती आणि घडा झाला असता. गाढव घड्याचं कारण नव्हे.

सर्जनपुढचा प्रश्न नेमका हाच असतो. हा लाल ठिपका कुंभार आहे की गाढव? गाढव असेल तर गाठीबरोबर तेवढा भाग काढता येईल, माणूस बोलत राहील. कुंभार असेल तर माणूस कायमचा मुका होईल. वर्गात हा प्रश्न आम्ही चाळीस वर्षं फळ्यावर मांडला. त्याच्या उत्तरावर कुणाची वाचा अवलंबून असेल हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

टेबलावरचा संवाद

यातून वाट काढणारी पद्धत मेंदू-शस्त्रक्रियेने स्वतः तयार केली. मेंदूच्या गराला स्वतःला वेदना होत नाही. कातडी आणि हाड बधिर केलं की रुग्ण जागा ठेवून ऑपरेशन करता येतं. माँट्रिअलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी फिट येणाऱ्या रुग्णांवर ही पद्धत फार पद्धतशीरपणे वापरली. त्यांची न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट १९३४ मध्ये सुरू झाली. मेंदूवर एका जागी सौम्य वीज द्यायची. तेवढ्यापुरती ती जागा कामातून जाते. त्याच वेळी रुग्णाला चित्र दाखवून विचारायचं, हे काय? शब्द अडकला तर तिथे चिठ्ठी ठेवायची. वीज काढली की शब्द परत. बघा, हा व्यतिरेकच आहे, पण क्षणभराचा आणि परतीचा! ब्रोकांना जे मृत्यूनंतर कळत होतं, ते कापण्याच्या आधी कळायला लागलं.

आपल्या देशाशी या परंपरेचं थेट नातं आहे. डॉ. जेकब चँडी पेनफिल्ड यांच्याकडे शिकले आणि १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी भारतातला पहिला न्यूरोसर्जरीचा विभाग सुरू केला.

आता या पद्धतीने काय दिसलं? सिएटलच्या जॉर्ज ओजमन यांनी १९८९ मध्ये ११७ रुग्णांचे नकाशे प्रसिद्ध केले. शब्द अडणाऱ्या जागा लहान, एक-दोन चौरस सेंटिमीटरच्या. आणि प्रत्येक माणसात वेगळ्या ठिकाणी. पुस्तकातल्या ब्रोकाच्या क्षेत्रावर बोट ठेवून ‘इथे भाषा’ असं म्हणता येईना. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने २५० रुग्णांचा अनुभव मांडला: उघडलेल्या भागात भाषा अडवणारी एखादी तरी जागा सापडली ती ५८ टक्के रुग्णांत. बाकीच्यांत उघडलेल्या भागात तशी जागा लागलीच नाही, आणि तेवढ्या आधारावर गाठ काढली. सहा महिन्यांनंतर भाषेचा नवा दोष फार थोड्यांत उरला होता. छापील नकाशाच्या भरवशावर अनेकांची गाठ आतच राहिली असती, आणि काहींची वाचा गेली असती.

आणि दोन भाषा असल्या तर? ओजमन आणि व्हिटेकर यांनी १९७८ मध्येच दोन द्विभाषिक रुग्णांत दाखवलं होतं की काही जागांवर दोन्ही भाषा अडतात, आणि काही जागांवर एकच. हे वाचलं तेव्हा आम्हाला बेळगावच आठवलं.

गुरुजी

ऑपरेशनआधी सर्जननी गुरुजींना विचारलं, तुम्ही घरी कोणत्या भाषेत बोलता? गुरुजी म्हणाले, कुणाशी त्यावर आहे. तेव्हा दोन्ही भाषांत तयारी करायचं ठरलं. हॉस्पिटलकडची चित्रं परदेशी होती. कुठलीतरी बर्फावरची गाडी वगैरे. गुरुजींच्या मुलीने आणि आम्ही बसून नवी चित्रं जमवली: कुलूप, विळी, छत्री, कोंबडा, खार. गुरुजींनी प्रत्येकाचं नाव मराठीत आणि कानडीत सांगितलं, आणि जे पटकन आठवलं नाही ते चित्र काढून टाकलं. कारण टेबलावर अडखळले तर वीज अडवतेय की वय, हे कळायला हवं. प्रयोगाची ही शिस्त आम्हाला कुठल्याही तर्कग्रंथाइतकी देखणी वाटली.

सर्जननी आणखी एक विचारलं, आणि हा प्रश्न विज्ञानाचा नव्हता. "गाठ सगळी काढायला गेलो तर शब्द जाऊ शकतात. थोडी ठेवली तर ती पुढे वाढेल. कुठे थांबू?" गुरुजींनी रात्रभर विचार केला आणि सकाळी सांगितलं, "शब्द राहू द्या."

ऑपरेशनमध्ये काय झालं ते नंतर सर्जननी सांगितलं. लाल ठिपक्याच्या जागी वीज दिली, काहीच झालं नाही; गुरुजी भराभर नावं सांगत राहिले. ते गाढव निघालं. पण त्याच्या आतल्या बाजूला, चित्रात काही रंग नसलेल्या जागी, छत्री दाखवल्यावर गुरुजी गप्प झाले. मराठीत तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा गप्प. कानडीत विचारलं, लगेच आलं. सर्जन तिथे थांबले. गाठीचा तेवढा तुकडा आत राहिला.

गुरुजी त्यानंतर चार वर्षं जगले. शेवटचे काही महिने सोडले तर बोलत होते, भांडत होते, आमच्या व्याख्यानातलं शुद्धलेखन काढत होते. तुकडा ठेवला नसता तर आणखी जगले असते का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण ठरवलं त्यांनी, आणि कशाच्या बदल्यात काय हे समजून ठरवलं.

मग घर कुठे?

आता ताईंच्या प्रश्नाकडे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने इथे काय करायचं? त्याचं काम शब्द साफ ठेवण्याचं. आपण सर्रास म्हणतो, ‘मेंदू बोलतो’, ‘मेंदूने ठरवलं’. मॅक्स बेनेट हे मेंदूशास्त्रज्ञ आणि पीटर हॅकर हे तत्त्वज्ञ, या दोघांनी २००३ मध्ये मोठं पुस्तक लिहून या बोलण्याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की जे पूर्ण माणसाला लागू पडतं ते आपण त्याच्या एका अवयवाला चिकटवतो. पाय चालत नाहीत, माणूस पायांनी चालतो. तसा मेंदू बोलत नाही, माणूस मेंदूमुळे बोलू शकतो. काही विद्वानांना हा नुसता शब्दच्छल वाटतो. आम्हालाही पूर्वी थोडा तसाच वाटायचा. पण त्या खोलीत सर्जनच्या तोंडून ‘बोलणं नाही, रक्त’ हे ऐकलं तेव्हा कळलं की हा फरक एखाद्याची वाचा वाचवू शकतो. ठिपक्यालाच बोलणं समजणारा सर्जन ठिपका राखेल आणि त्याच्या आतली बिनरंगी जागा बिनदिक्कत कापेल.

तेव्हा तीन गोष्टी घरी घेऊन जा. इजा सांगते की काय आवश्यक आहे. घर कुठे आहे ते सांगत नाही. चित्र सांगतं की सोबत कोण हजर आहे. काम कोण करतंय ते सांगत नाही. आणि शेवटचा निवाडा अजून तरी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडूनच मिळतो. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात ‘मेंदूतलं प्रेमाचं केंद्र सापडलं’ अशी बातमी आली, तर एवढंच विचारा: कुंभार की गाढव?

जाता जाता लबोर्नबद्दल एक राहिलंच. दीडशे वर्षं पाठ्यपुस्तकांत तो ‘तां’ म्हणूनच राहिला. २०१३ मध्ये चेझारी दोमान्स्की या पोलिश इतिहासकाराने जुनी दप्तरं धुंडाळून त्याचं आयुष्य थोडंफार जुळवलं. लुई व्हिक्टर लबोर्न, मोरे गावचा, शाळामास्तरांचा मुलगा. धंद्याने चांभारांना लागणारे बुटांचे लाकडी साचे करणारा कारागीर. त्या गावात कातडी कमवायचे कारखाने होते, आणि कातडी कमवायच्या सालीच्या भुकटीला फ्रेंचमध्ये ‘तां’ म्हणतात. त्याचं ते एक अक्षर लहानपणीच्या गावातून आलं असेल का, अशी शक्यता दोमान्स्की मांडतात. ती खरी की खोटी, कुणी सांगावं? पण त्याच्या मेंदूत वाचा कुठे होती हे जगाने दीडशे वर्षं विचारलं, आणि तो माणूस कोण होता हे विचारायला तेवढाच वेळ लावला.

इथे थांबू या. चहा बाहेर आहे, आणि ज्या ताईंनी प्रश्न विचारला होता त्यांनी आज जिन्यात नव्हे, इथे समोरच विचारावं, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.